पेंढ्यावर लावलेली स्कूटर

रत्नागिरीला बदली झाली तेव्हा मला आठवा महिना लागला होता आणि आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. खरं तर घर मी शोधत होते. हे स्कूटरसाठी जागा शोधत होते.

एक ब्लॉक मला फार आवडला. वारा छान, विहिरीला बारमाही पाणी. पण वर जायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. स्कूटर खाली रस्त्यावरच राहणार म्हणून ह्यांनी नको म्हटलं. दुसऱ्या घराला अंगण ऐसपैस, पण वर नारळांनी लगडलेले माड. मालक म्हणाले, नारळाला डोळे असतात, तो माणसावर पडत नाही. स्कूटरचं मात्र ते काही सांगेनात. उन्हाळ्याच्या उकाड्यात चढउतार करून माझे पाय सुजले होते. मी वैतागून विचारलं, "आपण घर बघतोय की गोठा?"

उत्तर मला ठाऊक होतं. पहिल्या खेपेला आम्ही देशावर एका आडगावात होतो. कळा सुरू झाल्यावर हे वाहनासाठी गावभर धावले. जीप मिळेपर्यंत उशीर झाला. मूल गेलं. त्यानंतर ह्यांनी जुनी स्कूटर घेतली, आणि ती दाराशी दिसल्याशिवाय ह्यांना झोप लागेना. धास्ती मलाही तेवढीच होती, फक्त माझी रागावाटे बाहेर पडायची.

तिसरं घर शेवटचं. विश्रामगृहातली खोली आम्हाला सोमवारी सोडायची होती. मालकीणबाई बाजारात गेल्या होत्या, शेजारणीने बसायला सांगितलं. दाराशीच रुंद पडवी, तिच्यात पेंढा पसरलेला. "वा, गाडीला गादी," म्हणत ह्यांनी स्कूटर थेट पेंढ्यावर चढवली. चाकाखाली काहीतरी पचकलं आणि गोड वास आला. देशावर पेंढा म्हणजे गुरांचा चारा. इथे त्याच्याखाली आंबे पिकत घालतात, हे आम्हाला कुठे माहीत!

स्कूटर मागे ओढेपर्यंत मालकीणबाई दारात हजर. पिशवी खाली ठेवून त्यांनी पेंढा बाजूला केला. काही हापूस चिरडले होते. शेजारचा एक उचलून त्यांनी हुंगला. आमच्या स्कूटरची टाकी गळायची.

"पेट्रोलचा वास लागलेला आंबा खाणार कोण हो?" त्या ह्यांना म्हणाल्या.

ह्यांची मान खाली. हेही घर हातचं गेलं, एवढंच मला दिसत होतं. मग भीड सोडून मीच सगळं सांगितलं, ते आडगाव, ती जीप, ते मूल. सांगता सांगता रडू कोसळलं.

त्या ऐकत होत्या आणि चांगले आंबे निवडून टोपलीत भरत होत्या. मला वाटलं, आवराआवर करून आता आम्हाला वाटेला लावणार. टोपली घेऊन त्या आत गेल्या, परत आल्या आणि उरलेला पेंढा पायाने भिंतीकडे सारला. मग माझ्याकडे बघून कितवा महिना म्हणून विचारलं. आठवा, मी म्हटलं.

"मग गाडी अशी नको, बाय. तोंड रस्त्याकडे करून लावायला सांग. आंबे काय, माजघरातपण पिकतात."

ह्यांनी स्कूटर वळवून लावली.