सुजाताची साक्षीदार काच

सुजाता गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला. सहामाहीचे पेपर चालू होते. शिपाई वर्गाच्या दारात उभा राहून नुसत्या खुणा करत होता आणि मी त्याच्यावर खेकसले, की परीक्षा चालू असताना मला बोलावू नकोस म्हणून कितीदा सांगायचं! फोनवर तिचा धाकटा भाऊ होता. त्याला बोलताच येईना, तेव्हाच मी समजले. रक्ताचा आजार होता, दिवस थोडे आहेत हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळं माहीत होतं... तरी माहीत असणं वेगळं आणि तो फोन कानाला लावणं वेगळं. मी वर्गात परत गेले, पेपर गोळा केले, आणि मग स्टाफरूममध्ये बसून मोठ्याने रडले.

पुढच्या रविवारी भिवंडीत, कामतघरच्या बुद्धविहारात श्रद्धांजलीची सभा झाली. एक गृहस्थ उठले, गळा काढून म्हणाले, "बिचारी! जन्मभर सूर्य बघणारं यान बनवत राहिली, पण ते काही उडालं नाही. स्वप्न अपुरंच राहिलं." माझं डोकंच सणकलं. मी बसल्या जागेवरून ओरडले, "बिचारी म्हणायचं नाही!" लोकांनी मला हाताला धरून खाली बसवलं, कोणी पाणी आणून दिलं. दुःखाने बाईचा तोल गेला असं त्यांना वाटलं असणार. तोल बिल काही गेला नव्हता. त्या दिवशी मला जे बोलू दिलं नाही ते आज, दीड-दोन महिन्यांनी, इथे लिहिते आहे.

आमच्या चाळीची मागची भिंत म्हणजे लूमच्या कारखान्याचीच भिंत. सुजाताचे वडील, आप्पा, त्याच कारखान्यात माग चालवायचे. आम्ही मूळचे वडप्याकडचे शेतकरी, वडील कामासाठी इकडे आले आणि सुजाताच्या शेजारची खोली मिळाली. लूमची खटखट ऐकतच आम्ही दोघी वाढलो. कारखाना बंद असला की उलट झोप लागायची नाही. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत यायची आणि तिच्यात रुईचे कण चमकत तरंगायचे. मी त्यांना फुंकर मारायचे. सुजाता म्हणायची, "ते आता आलेत असं नाही गं, ते कायमच असतात. ऊन आलं म्हणून दिसले."

ऐंशी सालच्या ग्रहणाच्या दिवशी कामतघर ओस पडलं होतं. लूम बंद, रिक्षा बंद, पाण्यावर तुळशीपत्र टाकून माणसं दारं लावून बसलेली. सुजाता तेव्हा इंजिनिअरिंगला होती. तिने पत्र्याला खिळ्याने भोक पाडलं, आप्पांनी आणलेलं कोरं कापड चाळीच्या पॅसेजमध्ये ताणून बांधलं आणि त्याच्यावर कोर झालेला सूर्य पाडला. वर सुकटभाकरीचा घास तोंडात! माझ्या आईने दाराच्या फटीतून पाहिलं आणि ती कळवळून ओरडली, "आगो पोरी, खाऊ नको गो, गिराण लागलाय!" सुजाता घास चावता चावता म्हणाली, "काकी, ते सूर्याला लागलंय, मला न्हाय." हळूहळू एकेक दार उघडलं. संपेस्तोवर अर्धी चाळ त्या कापडासमोर उभी होती, आणि माझी आई सगळ्यांत पुढे.

पुढे तिला दक्षिणेकडच्या एका अवकाश केंद्रात नोकरी लागली आणि काही वर्षांनी सूर्याचं निरीक्षण करणाऱ्या यानाच्या कामावर तिची नेमणूक झाली. त्यातली मुख्य दुर्बीण तिच्याकडे. सुट्टीत घरी आली तेव्हा आप्पांनी सरळ विचारलं, "आगो, सूर्य तं रोज दिसतो, फुकट दिसतो. त्याला बघाया वर कशाला जायाचं?" तिने खोलीतल्या बल्बपुढे ताटली धरली. बल्ब झाकला गेला आणि त्याच्या बाजूची जळमटं दिसायला लागली. "सूर्याभोवती एक पातळ प्रभा असते, आप्पा. सूर्य एवढा झगझगीत, की ती दिसत नाही. खग्रास ग्रहणातच काय ती दिसते. म्हणून दुर्बिणीत अशी चकती लावायची आणि सूर्य झाकायचा. मला ग्रहण बनवायचंय, रोजच्या रोज." तिच्या आईने कपाळाला हात लावला. आप्पा खोकत खोकत इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग तिने वरच्या तिरिपेत तरंगणारा एक कण दाखवला. असा एक जरी दुर्बिणीच्या आरशावर बसला तरी तो त्या प्रभेपेक्षा जास्त चमकेल, आणि पुरेसे बसले तर दुर्बीण आंधळी. वर गेल्यावर पुसायला कोण जाणार?

त्या कामाची प्रगती मी सुट्टी-सुट्टीने ऐकली. एका वर्षी दुर्बिणीचं झाकण अडकत होतं. पुढच्या वर्षी झाकण उघडायला लागलं, तर जोराने हलवून बघताना त्याची स्प्रिंगच तुटली. मग कुठलासा गोंद गरम झाल्यावर वाफ सोडायचा आणि ती वाफ आरशावर बसायची, तो गोंद बदलला. मी म्हणायचे, "तुमचं रडगाणं संपतं की नाही?" ती म्हणायची, "इथे रडलो तर चालतं गं. वर रडून उपयोग नाही." नव्वदनंतर केव्हातरी खरा आरसा बसला. त्याच्या शेजारी ती काचेची एक छोटी चकती ठेवायची. आरशाला हात लावायचा नसतो, म्हणून त्याच्यावर काय पडतंय ते या काचेवर बघायचं. "आम्ही तिला साक्षीदार म्हणतो," ती म्हणाली.

आणि नेमकं तेव्हाच आप्पांच्या खोकल्यात रक्त पडलं. सुजाता धावत भिवंडीला आली. इकडे ती दवाखान्यात बसलेली, तिकडे केंद्रात कोणी मोठे पाहुणे आले. मोठ्या चाचणीच्या आधी पूजा करायची त्यांची पद्धत होतीच. दसऱ्याला आपल्याकडे प्रत्येक लूमला झेंडूचा हार पडतो, तसंच. एरवी नारळ बाहेर फाटकाशी फुटायचा, आणि सुजाता म्हणायची की प्रसादाचं खोबरं सगळ्यांत जास्त मीच खाते. पण पाहुण्यांना आतलं बघायचं होतं. म्हणून त्या दिवशी दुर्बीण स्वच्छ खोलीतून बाहेरच्या हॉलमध्ये आणली, झाकण उघडलं, आणि तशा उघड्या दुर्बिणीसमोर कापूर, उदबत्त्या, कुंकू... शिकलेसवरलेले लोक हो! कोणाच्या मनात वाईट नव्हतं. यंत्राचं भलं व्हावं म्हणूनच सगळं केलं.

सुजाता परतली, तिने साक्षीदार काच तिरक्या उजेडात धरली आणि तिला धुराचा पापुद्रा दिसला. दुसऱ्या दिवशी दुर्बीण हवा काढून घेतलेल्या मोठ्या टाकीत घालून आधी तापवायची, मग गोठवायची होती. तापवली असती तर करपलेलं दूध पातेल्याला धरतं तसा तो पापुद्रा आरशाला कायमचा धरला असता. तिने सांगितलं, चाचणी थांबवा, सगळं सोडवा, आरसा काढा. तिचे साहेब म्हणाले, एवढ्याशा धुराने काय होतं, सही करा. तिने सही केली नाही. मग साहेबांच्या तोंडून ते निघालंच, "तुम्हा लोकांना आमची पूजा खुपतेच."

पुढच्या सुट्टीत सुजाता मला हे सांगत होती तेव्हा मीच त्या साहेबांना शिव्या घालत होते. ती नाही. ती त्यांना म्हणाली होती, "साहेब, मला पूजा खुपत नाही, धूर खुपतो. आमच्या विहारात मेणबत्ती लावतात, तीसुद्धा मी इथे लावू देणार नाही."

चाचणी थांबली. आरसा काढावा लागला, त्याचा लेप नव्याने चढवावा लागला, काम कितीतरी लांबलं, आणि उशिराचं खापर फुटलं तिच्यावर. दुर्बीण तिच्याकडून काढून घेतली, तिला कुठल्याशा कोपऱ्यातल्या विभागात बसवलं. मी म्हटलं, "मरू दे गं ते यान, इकडे ये, कॉलेजात शिकव." तर माझ्यावरच उसळली. "मी का येऊ? आरसा वाचला ना? मग मी हरले कुठे?"

त्याच सुट्टीत तिने पिशवीतून तसलीच एक जादा काच काढली आणि आप्पांच्या खाटेजवळच्या खिडकीत ठेवली. संध्याकाळपर्यंत काच पांढरी झाली. ती तशीच उचलून, मला घेऊन, ती कारखान्याच्या शेठच्या टेबलाशी गेली. "शेठजी, माझ्या आरशावर एवढं पडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. माझ्या बापाच्या छातीत रोज पडतं, तर कोणाचं काहीच जात नाही?" शेठ वाईट माणूस नव्हता, पण हसला. "मॅडम, कपडा बनेगा तो रुई उडेगी ही." सुजाता म्हणाली, "उडू दे. बाहेर उडू दे. पंखे बसवा." त्याने मान डोलावली आणि अर्थातच काही केलं नाही. वर्षभरात आप्पा गेले. त्यांच्या मातीहून आल्यावर तिने काच पुसली, पुन्हा खिडकीत ठेवली आणि मला म्हणाली, "शाले, मी इथे नसते. तू नेत जा."

नव्या लेपाच्या आरशाच्या चाचण्या इतक्या स्वच्छ आल्या, की साहेब बदलल्यावर दुर्बीण पुन्हा तिच्या हाती दिली. पुढची मोठी चाचणी झाली तेव्हा नारळ फाटकाशीच फुटला. तिने शाळेत फोन केला, आवाज फाटेपर्यंत ओरडत होती, "शाले, उघडलं गं! टाकीत, त्या थंडीत, पहिल्या झटक्यात झाकण उघडलं! खोट्या सूर्यापुढे चकती लावली आणि बाजूला मिट्ट काळोख, एक ठिपका नाही!" अख्ख्या ऑफिसने ऐकलं. त्यानंतर वर्षभरातच आजार निघाला.

गणपतीच्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले ती शेवटची. हाताची काडी झालेली, पण डोळे तेच. पहिला प्रश्न, "काच नेतेस ना?" मी म्हटलं, "दर शनिवारी. आधी शेठला दाखवते, मगच पुसते." ती हसली. मग म्हणाली, "माझी तिकडची काच कोरी आहे. केंद्रातल्या माझ्या पोरांनी कालच बघून सांगितलं." यान कधी उडेल ते तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

तर त्या गृहस्थांना माझं सांगणं आहे, की यान उडायचं तेव्हा उडेल. दुर्बीण बंद झाकणाआड तयार आहे, आरसा स्वच्छ आहे, आणि तो स्वच्छ आहे कारण एका बाईने सही केली नाही. याला अपुरं म्हणतात होय?

गेल्या शनिवारी मी कारखान्यात गेले. मला बघून शेठने कपाळाला हात लावला. "मॅडम, वो तो चली गयी, अब तो छोडो." मी काच टेबलावर ठेवली, तिच्यावर बोटाने रेघ ओढली आणि बोट त्याच्यासमोर धरलं. आज सकाळी कारखान्याच्या पलीकडच्या भिंतीला माणसं भोक पाडत होती, एका पंख्यापुरतं. एका पंख्याने काय होणार? मी काच पुसली आणि पुन्हा खिडकीत ठेवली. तिकडची कोरी आहे. इकडची अजून व्हायची आहे.