शाल आणि चष्मा

कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की वैशाखरे गावातला देवळाचा मांडव आठवतो. मी नुकताच निवृत्त झालो होतो. पेन्शनीतून कुठला खर्च कधी करायचा हे आम्ही नवराबायकोने ठरवलं होतं आणि त्या महिन्यात उरलेले हजार रुपये तिच्या चष्म्याचे होते. तिथल्या देवळाच्या कार्यक्रमात मला व्यासपीठावर बसवून भर वैशाखात शाल पांघरवली आणि माइकवाल्याने परस्पर जाहीर केलं, "गुरुजींकडून देवळाला एक हजार." मी त्याच्याकडे पाहिलं. "आता नाय बोलू नका गुरुजी, टाळ्या वाजल्या," तो हळूच म्हणाला. घामाने चिकटलेली शाल सावरत मी पाकीट काढलं. घरी बायकोने ती शाल डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "रंग कुठला हो हिचा?" पुढे चष्मा आला, शालीही येत राहिल्या. रंग मात्र ती अजून मलाच विचारते.