झाकलेली टीचभर जागा

माझी सून पोहायला शिकवते. तलावावरची पोरं तिला मासोळी म्हणतात, म्हणून मीही. मागे तिचा उजवा पाय अचानक बधिर झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा आजार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिवसाआड कातडीखाली इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे आजार दबून राहील. पाय सुधारला, पण टोचलं तिथे लालभडक चट्टा उठायचा आणि लवकर जायचा नाही. "जागा बदलत राहा, एकाच ठिकाणी टोचू नका," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

एका बाईने तिच्या मांडीवरचे चट्टे पाहिले आणि आपल्या लेकराला पाण्यातून ओढून काढलं. संसर्ग म्हणे! संसर्ग झालाय त्या मेलीच्या जिभेला. पण मासोळीने धसका घेतला. काम सुटलं तर? तेव्हापासून ती पोटावरच टोचू लागली, पोहायच्या कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या टीचभर जागेत. "दुखतंय का गं?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही हो, आई."

काही नाही कसलं! परवा कपडे बदलताना ती मटकन खाली बसली. मी धावले. बेंबीशेजारी कातडी काळीनिळी, मधोमध खड्डा, त्यातून पाणी झिरपतंय. बटाट्याचा काळा भाग कापून टाकता येतो, माणसाचं काय करायचं?

"इथली कातडी मेलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जखम भरेल, पण वेळ लागेल. तोवर पाण्यात उतरायचं नाही, इथे टोचायचं नाही. दुसरीकडेही असंच झालं, तर हे औषध बंद करावं लागेल."

"मग माझा पाय?" मासोळीने विचारलं.

"दुसरं औषध बघू. ते लागू पडेलच असं आज सांगता येणार नाही."

काल मांडीवर टोचायचं होतं. तिने दोनदा सुई टेकवली, दोनदा मागे घेतली. शेवटी मी घेतली. मी, जी स्वतःचं रक्त तपासताना डोळे गच्च मिटते! टोचलं एकदाचं.

सकाळी चट्टा उठला होता. लाल. दोघींनी सुस्कारा सोडला. लालच असू दे रे देवा, एवढंच दिवसभर घोकत होते. येता-जाता तिचा गाऊन वर करून बघत होते. "पुरे हो आता," ती हसली देखील.

संध्याकाळी खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं. मधोमध निळसर झाक होती.

"काय दिसतंय, आई?"

"काही नाही" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"निळं पडतंय गं," मी म्हणाले. "ऊठ, चप्पल घाल. दवाखाना बंद व्हायच्या आत पोचू."