आईनं दिलेलं गूळपाणी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेली आमची वाडी मी सोडली, तेव्हा आईनं माझ्या तळहातावर दही घातलं आणि बजावलं, "माघारी वळून बघू नको रे." मी कसला ऐकतोय! आंब्याच्या वळणावर बघितलंच. वाटलं होतं, डोळ्याला पदर लावून उभी असेल. पण बाई म्हशीला हाकत गोठ्याकडं निघाली होती. महाडच्या बंदरात मचव्यात बसेपर्यंत मी त्याच रागात होतो.

तुम्ही मागं राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, दोघांनाही हे सांगतोय, कारण मला एकट्याला याचा उलगडा होत नाही. मुंबईत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता दहा-बारा वर्षं गेली. अंगावर कोट आला, डोक्यावर टोपी आली, बोलण्यात ओव्हरटाइम आणि 'मालूम नहीं' आलं. मग चुलत्यांचं पत्र आलं. आईला म्हातारचळ लागलाय, पेटती चूल टाकून रानात जाते, केव्हाच विकलेली म्हैस शोधते, तुझ्या मेलेल्या मामाला हाका मारते. तिच्याजवळ राहणारं माणूस बघ, नाहीतर एक दिवस घरासकट जळून जाईल. मुंबईला आणावं, तर एका खोलीत आम्ही सहाजण.

रजा टाकून गेलो. अंगारे-धुपारे झाले. बिरवाडीची एक बाई घरात ठेवली, ती चौथ्या दिवशी निघून गेली. ती आईला खरं सांगायची, म्हैस विकली, भाऊ मेला. आई दर वेळी नव्यानं रडायची आणि मग पळी घेऊन तिच्या अंगावर जायची.

शेवटी डोंगरावरच्या वाडीतली भागी आली, सोबत शेळी घेऊन. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, सगळा जन्म गुरांमागं गेलेला. आईनं विचारलं, म्हैस कुठंय? भागी म्हणाली, "चरतेय गो काकी, येल सांजेला." झालं! आई गप जेवली. असलं खोटं बोलणं मला पटलं नाही, आणि दुसरं काय करावं तेही सुचेना.

पुढच्या शिमग्याला कोट-टोपीत, पुढच्या दारानं घरात गेलो. आईनं घोंगडी अंथरली. गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"घ्या पावनं. कुठनं येनं झालं?"

आमच्याकडं गूळपाणी परक्याला देतात, घरच्याला नाही. चला, रीत तरी शाबूत आहे, असं वाटून मी बावळटासारखा घोंगडीवर बसलो आणि ते प्यालो. मागं भागीनं कपाळाला हात लावला. मग चार दिवस मी पाहुणाच राहिलो. आई मला अहो-जाहो करायची आणि भागीला, तांदूळ निवडायला उशीर केला म्हणून, शिव्या घालायची. मला भागीचा हेवा वाटला. मीच आणून ठेवलेल्या बाईचा! घरी आलोय की कुणाकडं उतरलोय, काही कळेनासं झालं.

निघताना भागी म्हणाली, "दादा, गूळपानी प्यालात, पावनं झालात. फुडल्या टायमाला मागल्या दारानं या. डोक्यावर मोळी घेऊन या."

या खेपेला तसंच केलं. कोट-टोपी चुलत्यांकडं ठेवली, लाकडांची मोळी डोक्यावर घेतली आणि अनवाणी परसातून आत शिरलो. आईनं चुलीपुढून मान वळवली.

"एवढा उशीर रे? म्हशीला पानी कोन दावनार, तुझा बा?"

'रे' म्हणाली, म्हणजे मला माझे वारलेले बाबा समजली नाही, त्यांना ती 'अहो' म्हणायची. मग कोण समजली? मी, की मामा, की कुठला जुना गडी? विचारायचा धीर झाला नाही. विचारलं असतं आणि तिनं घोंगडी अंथरली असती तर?

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येतं, की तिथं गूळपाणी देत नाहीत. तिथं मी कोण, ते मात्र मला माहीत नाही.

भागीनं हातात बादली दिली. ती घेऊन मी रिकाम्या गोठ्याकडं, नसलेल्या म्हशीला पाणी दाखवायला निघालो. याही वेळी मागं वळून बघितलंच. आई मागल्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती.