आक्कांनी सांगितलेले पाच शब्द

आमच्या घरात असल्या गोष्टींना कधीच थारा नव्हता. वडील सैन्यातले, त्यांनी अमावस्येला मुद्दाम नवीन गाडी घरी आणलेली. मी स्वतः मानसशास्त्रात एम.ए. केलंय. कुणी 'अनुभव आला' म्हटलं की मी आधी त्याची झोप किती झाली होती ते विचारते. तरीही हे लिहितेय… कारण ऑफिसात सांगून झालं, तिथे ते कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

सांगलीच्या एका हॉस्पिटलमध्ये वयस्कर लोकांच्या स्मरणशक्तीवर रिसर्च चालू आहे. मी तिथे असिस्टंट, अजून प्रोबेशनवर. काम साधं. घरी जायचं, पाच शब्द वाचून दाखवायचे, पाच मिनिटं इतर प्रश्न विचारायचे आणि मग ते शब्द आठवतात का बघायचं. चुकीचं उत्तरही जसंच्या तसं लिहायचं, हा नियम. सगळं रेकॉर्ड होतं.

पलूसजवळच्या एका गावात आक्कांकडे गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आक्का ऐंशीच्या पुढच्या. सून सुजाता वहिनी शेजारी मेथी निवडत होत्या. मी वाचलं — आंबा, खिडकी, घोडा, कागद, नदी. पाच मिनिटांनी विचारलं तर आक्का ठामपणे म्हणाल्या, "सांगते की. बैल, आरसा, ताक, शिट्टी, डोंगर."

एकही बरोबर नाही. मी लिहून घेतलं, शून्य मार्क दिले आणि निघाले.

पुढच्या सोमवारी मीटिंग होती. पुढच्या भेटींसाठी शब्दांची नवी यादी हवी होती, ती माझी सहकारी मेधा करून आणणार होती. आठवडाभर ती चुलत बहिणीच्या लग्नासाठी रजेवर, कराडला. आदल्या दिवशी परत येताना एसटीत बसून तिने यादी केली. मीटिंगमध्ये ती पडद्यावर लावली — बैल, आरसा, ताक, शिट्टी, डोंगर.

त्याच क्रमाने.

मी फॉर्म काढून दाखवला. आमच्या रिसर्चच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "तू चुकून नवी यादी वाचली असशील."

"मॅडम, तेव्हा ती झालीच नव्हती."

"मग मेधाने तुझा फॉर्म पाहिला असेल. नकळत राहतं डोक्यात."

मेधा हळूच म्हणाली, "मी तर इथे नव्हतेच, मॅडम."

तिघींनी रेकॉर्डिंग ऐकलं. माझा आवाज, आंबा-खिडकी. मग आक्कांचा, बैल-आरसा. मॅडमनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "हे मी वर काय म्हणून कळवू? फॉर्म रद्द कर. कारण लिही, परीक्षकाची चूक. आणि त्या बाईंची चाचणी पुन्हा घे. नवीच यादी वाच."

ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवतात, पेशंटला 'माहीत नाही' म्हणायला लाजू नका. वरिष्ठांसमोर मात्र ते वाक्य कुणी उच्चारत नाही. मी न केलेल्या चुकीखाली सही केली. अजून टोचतं ते.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेले. सुरुवातीला आक्कांनी मला ओळखलं नाही. नवी यादी वाचली. पाच मिनिटांनी विचारलं, तर म्हणाल्या, "न्हाई बाय. काय बी आठवत न्हाई."

पुन्हा शून्य. रेकॉर्डर बंद केला आणि नियमात बसत नसतानाही विचारलं, "आक्का, मागच्या वेळी तुम्ही बैल, आरसा, शिट्टी म्हणालात. ते शब्द तुम्हाला कुणी सांगितले होते?"

"तूच की."

"मी कधी सांगितले?"

"दुसऱ्या बारीला आलतीस तवा."

"आक्का, दुसऱ्यांदा मी आजच आलेय."

"मग आजच सांगितलंस न्हवं," त्या म्हणाल्या. लहान मुलीला समजवावं तशा.

वहिनी हसल्या. "त्यांचं असंच असतंय ओ मॅडम. काल कुठलं, उद्या कुठलं, काय कळत न्हाई."

मी पण हसले. काय करणार… परत येताना आष्ट्यापर्यंत मनात एकच हिशोब लावत होते. रद्द झालेल्या फॉर्ममुळे मी पुन्हा गेले, पुन्हा गेले म्हणून ती यादी वाचली, आणि यादी वाचली म्हणून त्यांनी पहिल्या भेटीत ते शब्द सांगितले, आणि म्हणूनच तो फॉर्म रद्द… पुढे जाताच येत नव्हतं. रिपोर्टात मी लिहिलं, 'कालभान नाही'. तेवढे दोन शब्द लिहायला बराच वेळ लागला.

योगायोग म्हणावा, तर पाचही शब्द? आणि तोच क्रम? मॅडमनी ते रेकॉर्डिंग ठेवलंय की काढून टाकलं, हे विचारायची माझी हिंमत होत नाही. खरं सांगायचं तर आता कुठलं उत्तर मिळालं तर बरं वाटेल, तेही कळत नाही.

पुढच्या महिन्यात आक्कांकडे तिसरी भेट आहे. त्यासाठीची यादी या वेळी मी करायचीय. चार दिवस झाले, कोरा कागद समोर आहे आणि एक शब्द लिहायला हात धजत नाही.