खेळता खेळता लागला

पहिला गोटा पाठीत बसला तेव्हा वर्गशिक्षक व्हरांड्यात चहा पीत उभे होते. त्यांनी पाहिलं. हसले.

"पांढुर्ण्यात राहून गोट्याले भेतं का बे?"

मी पांढुर्ण्याचा नव्हतो. आम्ही रामाकोन्याहून आलेलो. बाबा संत्र्याच्या मंडीत हमाल. गोटा मारणारा माझ्याच वर्गातला, त्याच मंडीतल्या व्यापाऱ्याचा मुलगा. मधल्या सुट्टीत तो आणि त्याचे चौघे मला संडासाच्या भिंतीशी उभं करायचे. आधी खडू, मग खडे, मग गोटे. एक जण मोबाईलवर शूटिंग घ्यायचा. खेळाचं नाव गोटमार.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ती खरी गोटमार. तिथे दगड दोन्ही काठांवर असतात. माझे हात रिकामे होते.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "सहन कर बापा. त्याच्याच बापाकडे काम करून राहिलो मी."

मी गोटे निवडू लागलो. मुठीत बसणारे, गुळगुळीत. दप्तरात, वह्यांखाली. मंडीमागच्या भिंतीवर रोज नेम धरायचो. वर्गात गप्प असायचो. शिक्षक म्हणाले, "पोट्टं सुधरलं."

गोटमारीच्या दिवशी नदीवर त्याला शोधलं. तो आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत भेटला. "चल, भिंतीले लाग."

मी एकच गोटा मारला. डाव्या डोळ्यावर.

पोलीस ठाण्यात जमादार म्हणाला, "काल नदीवर मारला असता तं कोनी विचारलं नसतं बे."

संध्याकाळी मुख्याध्यापक आले, सोबत व्यापारी. मोबाईलमधलं शूटिंग बाहेर येईल, ही दोघांची भीती. कागद लिहूनच आणला होता. 'खेळता खेळता लागला.'

मुख्याध्यापक म्हणाले, "सही कर अन् घरी जाय."

बाबांनी हात जोडले. त्यांच्यापुढे नाही, माझ्यापुढे. मी पंधरा वर्षांचा होतो. पेन घेतलं. 'खेळता' हा शब्द दोनदा होता. पेन खाली ठेवलं.

"खेळ नोता सर. म्या मारला, नेम धरून. दोन वर्सं त्या पाच जनायनं मले मारलं, थेही लिवा."

जमादाराने मी मारल्याचं लिहिलं. त्यांनी मला मारल्याचं लिहिलं नाही.

मी सुधारगृहात गेलो. बाबांचं काम गेलं. शूटिंग कोणालाच सापडलं नाही.

तिथे माझ्यासारखी आणखी मुलं होती. प्रत्येकाच्या फाइलमध्ये त्याने काय केलं ते होतं. त्याआधी काय झालं, ते एकाही फाइलमध्ये नव्हतं.

आज मी सौंसरला वेल्डिंग करतो. त्या मुलाचा डोळा परत आला नाही. तो गुन्हा माझा. पाठीवरचे वण दाखवून मी तो हलका करणार नाही. पण त्या पाच जणांचा, त्या शिक्षकाचा, त्या शाळेचा गुन्हा मी माझ्या नावावर घेतलेला नाही. मरेपर्यंत घेणार नाही.