मार्लिस आणि गळ्यातला माइक

"गाईच्या गळ्यात घंटा बांधावी तसं ते मी बांधून घेणार नाही, मार्लिस."

"गाय तरी गोठ्यात गेली की गप्प बसते, डेल. तू स्टाफरूममध्ये जाऊन बोलत सुटलास."

"ते चालू आहे हे मला काय माहीत?"

"बंद कोणी करायचं मग, मी? चार शाळा सांभाळते मी, तुझ्या मागे मागे फिरू?"

भांडण माझ्या खोलीत चाललं होतं. मी शाळेची नर्स. मार्लिस कांगसला बसायला स्वतंत्र खोली नाही, म्हणून माझ्या वजनकाट्याशेजारी तिची खुर्ची. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी ती या खाणींच्या मुलुखात, गुडघाभर बर्फातसुद्धा, पिकअप हाकत शाळा-शाळा फिरते. थर्मासच्या पिशवीत कॉफी कमी आणि कानाच्या यंत्रांचे सेल जास्त.

तिचा थोरला भाऊ खाणीतल्या सुरुंगांनी बहिरा झाला. तेव्हापासून त्यांच्या घरात पाठ फिरवून कोणी बोलत नाही. मार्लिस तर भांडतानाही समोर येऊन, तोंड नीट दिसेल अशीच भांडते. समोरच्याला पळायला जागा नसते.

आजचं कारण सहावीतली ब्रिटा. तिच्या दोन्ही कानांत यंत्रं. शिक्षकाच्या गळ्यातला छोटा माइक थेट तिच्या कानात बोलतो, मध्ये भिंत असली तरी. गेल्या सोमवारी गणिताचा डेल प्रेबिच तो बंद न करताच स्टाफरूममध्ये गेला आणि मुख्याध्यापिकेने घरून प्रेमाने भाजून आणलेल्या हॉटडिशला, म्हणजे बटाटे-खिम्याच्या त्या पदार्थाला, ओला पुठ्ठा म्हणाला. मधली सुट्टी संपेपर्यंत अख्खी सहावी पुठ्ठा पुठ्ठा करत होती. तेव्हापासून डेलने माइक घातलेला नाही आणि ब्रिटाला गणित ऐकू आलेलं नाही.

"मी मोठ्याने बोलेन की," डेल म्हणाला.

"मोठ्याने बोललास तर तिला मोठा गोंगाट ऐकू येईल. थांब, तिलाच विचार." मार्लिसने दार उघडलं. ब्रिटा बाहेरच उभी होती.

"मिस्टर प्रेबिच, हॉटडिशचं मीच सांगितलं," ती आत येऊन म्हणाली. "चुकलं माझं. म्हणजे पुठ्ठा होताच, पण सांगायला नको होतं. दुसरं मी कुणालाच सांगितलं नाही."

"दुसरं कुठलं?" मार्लिसने विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. डेल मात्र एकदम माझ्या औषधांच्या कपाटाकडे बघायला लागला.

"हे म्हणाले, ब्रिटा नुसती मान डोलावते, तिला ओ की ठो कळत नाही. दया येते म्हणून पास करतो."

मार्लिस वळून थेट डेलच्या समोर येऊन उभी राहिली.

"ब्रिटा, मी ते..." डेल अडखळला.

"खरंच आहे ते," ब्रिटा म्हणाली. "मान डोलावली की सगळे खूश होतात. परत विचारलं की मोठी माणसं 'जाऊ दे' म्हणतात. मार्लिससमोर नाही चालत, ती लगेच म्हणते, सांग बघू मी काय म्हणाले."

"लबाड आहेस," मार्लिस पुटपुटली, पण तोंडभर हसली.

"मग तुला काय हवंय?" डेलने विचारलं. आता तोही तिच्याकडे तोंड करून बोलत होता.

"नापास करा. खरे मार्क द्या. आणि माइक घाला. मी मान डोलावली की विचारा, काय सांगितलं मी आत्ता? नाही सांगता आलं तर परत सांगा."

"वर्गासमोर विचारू? पोरं हसतील."

"हसू देत. अपूर्णांक त्यांना तरी कुठे कळलेत?"

मला हसू आवरेना. तेवढ्यात घंटा झाली.

"रोज घालाल ना?" ब्रिटाने विचारलं.

डेलने टेबलावरचा माइक उचलून गळ्यात अडकवला, कळ दाबली आणि वर्गाकडे चालू पडला.